निळ्या ओळी कोणाच्या?

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर खिळ्याला टांगलेला नव्हे आणि शाळेतल्या पाढ्यांचाही नव्हे. मी राहतो कॉम्प्युटरच्या पडद्यावर, दिघी बंदराजवळच्या एका लहानशा मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत. माझ्या अंगावर आडव्या ओळी आहेत आणि उभे रकाने आहेत. एका ओळीत एक होडी. पहिल्या रकान्यात होडीचे नाव, मग मालकाचे, मग त्याचा फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: ‘आत’ किंवा ‘बाहेर’. आत म्हणजे होडी बंदरात लागलेली, बाहेर म्हणजे दर्यात गेलेली.

मित्रांनो, एक गंमत सांगू? इतकी वर्षे बंदरावर काढूनही मी समुद्र पाहिलेला नाही. कचेरीची खिडकी माझ्या पाठीमागे आहे. होडी परतली की कचेरी सांभाळणारी फरिदा त्या ओळीत ‘आत’ असे लिहिते आणि मग मला कळते, आली बिचारी. माझा समुद्र तेवढाच. पण तेवढ्या एका शब्दावर माझा जीव कसा टांगणीला लागला होता, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म सुचिताच्या हातून झाला. सुचिता बोर्ली पंचतनच्या पलीकडच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईबरोबर सुकी मासळी घ्यायला ती दिघीला आली असताना तिने कचेरीच्या दारातून फरिदाला पाहिले. फरिदा सोसायटीचे सगळे काम एकहाती सांभाळायची. त्या दिवशी वाऱ्याचा इशारा आला होता आणि ती एकेका होडीला फोन लावत बसली होती. निम्मे फोन लागत नव्हते. जे लागत होते त्यांत वाऱ्याचा आवाज जास्त आणि माणसाचा कमी.

“आपा, हे एका बटणावर होईल,” सुचिता दारातूनच म्हणाली.

“होईल तेव्हा खरं,” फरिदा म्हणाली आणि पुढचा नंबर लावू लागली.

सुचिताने ते मनावर घेतले. आपल्या किनाऱ्यावर जिथे आवाज पोहोचत नाही, तिथे लिहिलेला निरोप पोहोचतो. होडी डोंगराच्या टोकाला वळसा घालताना क्षणभर रेंज मिळाली, तरी तो फोनमध्ये शिरतो आणि घंटी वाजवतो. म्हणून तिने मला असे घडवले, की फरिदाने हव्या त्या होड्यांच्या ओळींवर माऊसने टिचकी मारावी, त्या ओळी निळ्या व्हाव्यात, आणि खालचे ‘निरोप पाठवा’ हे बटण दाबले की निळ्या ओळींतल्या मालकांना एकदम निरोप जावा. निळी झालेली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, हे मी तेव्हाच पक्के लक्षात ठेवले.

पण माझ्या अंगावर ओळी कोणत्या क्रमाने लावायच्या, यावरून केवढे रामायण झाले! सुचिता म्हणाली, नावाच्या अक्षरांप्रमाणे लावू. जुनी मंडळी उठून उभी राहिली. आमच्या सोसायटीत मान असतो. नारळी पौर्णिमेला ज्याचा नारळ दर्यात आधी पडतो, त्याची होडी पहिली. हा पहिला मान येसाजीकाकांच्या ‘हिंगळादेवी’चा. त्यांच्यामागे आणखी दोन मानकरी. मग बाकीचे, ज्याने सोसायटीत आधी पाय ठेवला तो आधी. काकांनी काठी आपटून सांगितले, “कागुद असू दे नायतर कंपुटर असू दे, मान तो मान.” झाले, तसाच क्रम माझ्या पोटात कायमचा बसला. अगदी शेपटाला आली ‘खैरियत’. ती फरिदाच्या थोरल्या भावाची, नजमुद्दीनची होडी. तो मस्कतहून नुकताच परतला होता आणि साठवलेल्या पैशांत त्याने ती घेतली होती.

माझ्या उद्‌घाटनाला नारळ फुटला. माऊसला हळदकुंकू लागले. नजमुद्दीनने खजूर वाटले. पहिला निरोप गेला आणि अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले, तेव्हा टाळ्या पडल्या. माझे ते दिवस फार कौतुकाचे होते.

कौतुक मात्र ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखे असते, फार टिकत नाही. खाऱ्या हवेने कॉम्प्युटरच्या खोक्याला गंज चढला. माऊस पिवळा पडला. हाताहातांत नवे फोन आले आणि कोणीतरी म्हणू लागले, आता सगळे मोबाईलवर मिळते, हा खोका भंगारात काढा. फरिदाने कोणाचे ऐकले नाही. रोज सकाळी आली की ती माझ्यावर टाकलेली जुनी ओढणी काढायची, पडदा पुसायची आणि बाहेर गेलेल्या होड्या नोंदवायची. मला बोलता आले असते तर मी तिला दुवा दिला असता.

मागच्या उन्हाळ्यात सुचिता पुन्हा आली. आता ती नोकरी करते, पण घरून काम असल्याने गावीच असते. फरिदा चष्मा वर-खाली करीत ओळीमागून ओळ शोधते आहे, कोण ‘बाहेर’ आणि कोण ‘आत’, हे तिने पाहिले आणि तिला वाईट वाटले. तिने मला एक नवी विद्या शिकवली. रकान्याच्या डोक्यावर, म्हणजे मथळ्यावर टिचकी मारली, की बाहेर गेलेल्या सगळ्या होड्या गोळा होऊन वरती येतील. फरिदा हरखली. मग आवाज खाली करून म्हणाली, “येसाजीकाकांना बोलू नको हां. मानाची ओळ मोडली म्हणून ते दुसरी सोसायटी काढतील.”

इथे मला माझा स्वभाव तुम्हांला समजावून सांगायला हवा. ओठात एक आणि पोटात एक असलेल्या माणसाला लोक नावे ठेवतात. पण आम्ही तक्ते असेच असतो. मथळ्यावर टिचकी मारली की माझ्या तोंडावरच्या ओळी जागा बदलतात. पोटातला क्रम मात्र तसाच राहतो, मानाचा. ‘निरोप पाठवा’ हे बटण जुने होते. ते माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, “निळ्या ओळी कितव्या?” मी म्हणायचो, पहिली, दुसरी, तिसरी. मग ते तडक माझ्या पोटात उतरायचे आणि तिथली पहिली, दुसरी, तिसरी उचलायचे. मथळे हलत नव्हते तोवर तोंड आणि पोट सारखेच होते, म्हणून वर्षानुवर्षे सगळे सुरळीत चालले. आता फरिदा निळ्या करायची दर्यातल्या होड्या, आणि निरोप जायचा मानाच्या क्रमातल्या तेवढ्याच पहिल्या होड्यांना, म्हणजे आधी तिन्ही मानकऱ्यांना. कितव्या, एवढेच मला विचारले जाई. कोणाच्या, असे कोणी विचारलेच नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायला मला शिकवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या लोकांत एकाच्याही लक्षात कसे आले नाही? मित्रांनो, हेच तर आमच्या बंदराचे वैशिष्ट्य. येसाजीकाकांची होडी डांबर लावायला वर ओढलेली, आणि त्यांच्या फोनवर निरोप, ‘बर्फ उशिरा मिळेल, बाहेरच्या होड्यांनी नोंद घ्यावी.’ दुसऱ्या कोणी विचारले असते, हा मला कशाला? काकांनी फोन सगळ्या आळीला दाखवला. “बघा. पयला निरोप कोनाला? मानाला!” बाकीचे दोघे मानकरीही मिशीला पीळ देत फिरले. आणि ज्यांना निरोप मिळाला नाही, ते तक्रार करण्याऐवजी रुसून बसले. नजमुद्दीन एकदा कचेरीत येऊन म्हणाला, “आपल्या होडीला कोन विचारतंय? आपन शेपटाचे.” फरिदाला वाटले, भाई थट्टा करतोय. ती हसली आणि कामाला लागली. बर्फाच्या निरोपावर निभावले, म्हणून कोणाला ते बोचले नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी दुपारी वाऱ्याचा इशारा आला. जोराचा वारा येणार, संध्याकाळच्या आत सगळ्या होड्यांनी परत फिरावे. त्या दिवशी दर्यात तीनच होड्या होत्या. विनेशची ‘चांदणी’, धर्माची ‘जलराणी’ आणि नजमुद्दीनची ‘खैरियत’. ‘खैरियत’वर नजमुद्दीनबरोबर त्याचा मुलगा शारिकही होता. बाकी सगळ्या किनाऱ्यावर, कारण देवीच्या पालखीची बैठक होती. बैठक कुठे? आमच्याच कचेरीच्या पडवीत. तिन्ही मानकरी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि चहा चालला होता.

फरिदाने मथळ्यावर टिचकी मारली. तिन्ही ‘बाहेर’ वर आल्या. तिने तिन्ही ओळी निळ्या केल्या, निरोप लिहिला, “अल्ला खैर करो” असे पुटपुटली आणि बटण दाबले.

पडवीत तीन फोन एकदम वाजले.

येसाजीकाकांच्या फोनवर आरती वाजायची. ती थांबल्यावर काका मान डोलावत म्हणाले, “आला. तुमाला पन आला ना? आला पायजेच.”

फरिदाची बोटे माऊसवरच राहिली. ती हळूहळू उठली आणि पडवीच्या दारात उभी राहिली.

“काका, तुम्ही तिघं हितं बसलाय. मी तिघांनाच निरोप धाडला. मग दर्यात कोनाला गेला?”

“आधी मानाला येतो गं, मंग तेंना जात असंल.”

“तसं नसतं काका. तीन धाडले, तीन हितं वाजले.”

पडवीतला चहा तसाच राहिला. काकांनी फोनकडे पाहिले, मग फरिदाकडे. इतके दिवस त्यांनी आळीभर मिरवलेला मान त्यांच्या हातात होता आणि त्या क्षणी तो त्यांना जड झाला. मला काकांची कीव आली. पण खरे सांगतो, त्याहून जास्त मला त्या तीन ओळींची भीती वाटली. अजूनही तिन्ही ‘बाहेर’ होत्या.

फरिदाने भावाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. विनेशला लावला. तेच. धर्माला लावला. तेच. तिने रडून घेण्यात वेळ घालवला नाही. तिने सुचिताला फोन लावला. सुचिता बोर्लीच्या बाजारात होती.

“सुचिता, मी एकाला दाबते आणि दुसऱ्याला जातंय. भाई दर्यात हाय.”

पलीकडे बाजाराचा गलका होता. मग सुचिता एका बाजूला झाली असावी, कारण तिचा आवाज स्पष्ट आला. “आपा, ओळी निळ्या करण्याआधी मथळ्यावर टिचकी मारलीत?”

“रोजच मारते. तूच शिकवलंस.”

सुचिताच्या लक्षात आले. “चूक माझी आहे आपा, तुमची नाही. ती मी येऊन काढते. आता मी सांगते तसंच करा. प्रोग्राम बंद करा. परत उघडा. मथळ्याला हात लावू नका.”

फरिदाने मला बंद केले आणि उघडले. मी पुन्हा मानाच्या क्रमाने उभा राहिलो. वर ‘हिंगळादेवी’, शेपटाला ‘खैरियत’. तोंड आणि पोट पुन्हा एक झाले.

“आता एकेक होडी डोळ्यांनी शोधा. कंट्रोलचं बटण दाबून धरा, सोडू नका. सोडलंत तर आधीची ओळ निळी राहणार नाही.”

कंट्रोलचे बटण गंजून घट्ट झाले होते. फरिदाने अंगठा त्यावर रोवला. येसाजीकाका काठी टेकत आत आले आणि तिच्या मागे उभे राहिले. ती माऊसने ओळी उतरत होती, आणि काका प्रत्येक नाव मोठ्याने म्हणत होते, कारण काकांना वाचता येत नसले तरी मानाचा क्रम सबंध पाठ होता. “सागरकन्या, ती किनाऱ्यावर हाय. पुढं जा. जलराणी. धर माझी बाय.” एक ओळ निळी झाली. “चांदणी.” दुसरी. मग बरेच खाली, पडद्याच्या तळाशी, “खैरियत.” तिसरी.

फरिदाने निरोप पुन्हा लिहिला, बटण दाबले आणि पडवीकडे कान दिला.

एकही फोन वाजला नाही.

“न्हाय वाजला,” येसाजीकाका म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटले, पहिला नारळ टाकतानाही उजळत नसेल.

पण निरोप सुटला म्हणजे पोहोचला असे नव्हे. वारा वाढू लागला होता. खिडकीची झडप माझ्या पाठीमागे आपटत होती. काकांनी दोघा मानकऱ्यांना उठवले. “आता बसायचं न्हाय. दोर घ्या. धक्क्यावर चला.” तिघे म्हातारे पालखीची बैठक मोडून निघाले. वीज गेली. बॅटरीची पेटी टुकटुकू लागली. कोणीतरी दारातून फरिदाला हाक मारली, घरी चल, होडी आली की समजेलच. ती म्हणाली, “तिन्ही ‘आत’ लिहिल्याशिवाय मी उठनार नाय,” आणि तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

आधी विनेश आला. त्याने दारातूनच सांगितले, टोकाजवळ घंटी वाजली म्हणून जाळी उचलली. फरिदाने ‘आत’ लिहिले. मग धर्माची होडी धक्क्याला लागली. तिथेही ‘आत’. राहिली एक ओळ. मित्रांनो, माझ्या अंगावर इतकी अक्षरे आहेत, पण त्या वेळी मला त्या एका ‘बाहेर’शिवाय दुसरे काही दिसत नव्हते. फरिदाचेही तसेच असावे. ती त्या शब्दावरून नजर काढत नव्हती आणि ओठ हलत होते.

बॅटरीची टुकटुक घाईची झाली. आता आपण विझणार, असे मला कळून चुकले. आणि धक्क्याकडून येसाजीकाकांची आरोळी आली. काय म्हणाले ते कळले नाही, पण ती आरोळी आनंदाची होती. थोड्या वेळाने नजमुद्दीन नखशिखांत भिजून दारात उभा राहिला. मागे शारिक हसत होता.

“फरू,” नजमुद्दीन म्हणाला, “निरोप मिळाला बरं का. शेपटाला पन इज्जत मिळाली म्हनायची.”

फरिदाने आधी माझ्या अंगावर ‘आत’ लिहिले आणि मगच ती भावाच्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर मी विझलो. पण समाधानाने विझलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुचिता आली. सोसायटीची मंडळी म्हणाली, आता युक्ती कळलीय, मथळ्याला हात लावायचा नाही, झाले. कशाला पुन्हा खोलतेस? सुचिता म्हणाली, “घाईत माणूस युक्ती विसरतो. वाऱ्याच्या दिवशी घाईच असते.” आणि ती बसली. तिने त्या जुन्या बटणाला नवा प्रश्न शिकवला. आता ते माझ्याकडे येते आणि विचारते, “या निळ्या ओळी कोणाच्या?” मग तोंडावर त्या कुठेही असोत, मी पोटातून नेमकी तीच माणसे काढून देतो. एवढ्यावर ती थांबली नाही. तिने एकेका मथळ्यावर टिचकी मारून, उलट्यासुलट्या ओळी लावून, वरच्या, मधल्या, शेपटाच्या होड्या निवडून पाहिल्या. चाचणीचे सगळे निरोप तिच्याच फोनवर येत होते आणि ती प्रत्येक नाव तपासत होती. जेवायला घरी चल म्हणून फरिदाने दोनदा सांगितले. शेवटी फरिदाने ताट कचेरीतच आणून तिच्यापुढे ठेवले. जेवण झाल्यावर सुचिताने एक चौकट बसवली. निरोप सुटण्याआधी त्या चौकटीत निवडलेल्यांची नावे येतात आणि खाली विचारलेले असते, यांनाच पाठवायचा ना?

ही चौकट दिसली तेव्हा येसाजीकाका कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या फोनवर आता मानाचा निरोप येणार नव्हता. कोणाला त्यांच्याकडे पाहायचा धीर होईना. फरिदाच त्यांच्याजवळ गेली.

“काका, ही नावं मी वाचीन. बरोबर हायत का नाय ते तुम्ही सांगायचं. तुम्ही ‘व्हय’ बोलल्याशिवाय मी बटन दाबनार नाय.”

काकांनी काठी दोन्ही हातांनी धरली. “पयलं मना इचारायचं?”

“पयलं तुम्हालाच.”

तेव्हापासून तोच रिवाज आहे. मी अजून त्याच गंजक्या खोक्यात राहतो. सुचिता अधूनमधून येऊन मला तपासते, फरिदा रोज पडदा पुसते, आणि म्हणून मी जुना असलो तरी कामाचा आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, दुकानात माझे भाऊबंद असतील. आम्हांला फार काही लागत नाही. धूळ पुसा, आम्हांला नवी विद्या शिकवलीत तर जुनी अजून जागेवर आहे ना ते पाहा, आणि बटण दाबण्याआधी नावे एकदा मोठ्याने वाचा. आमच्या अंगावरची ओळ तुम्हांला पहिली, दुसरी, तिसरी दिसते. तिच्या पलीकडे कोणीतरी घरी परतायचे असते.

परवाच पुन्हा इशारा आला. फरिदाने नावे वाचली, काका “व्हय” म्हणाले, बटण दाबले गेले. काकांनी आपला फोन खिशातून काढून मांडीवर ठेवला आणि सगळे गप्प बसून त्याच्याकडे पाहत राहिले. फोन गप्प होता.

“न्हाय वाजला,” काका ताठ बसत म्हणाले. “मंग बरोबर गेला.”